‘मी खोकी मोजली’

नमस्कार ताई,

मी मूळची गडहिंग्लजची. लग्न होऊन कळंगुटला आले त्याला एकवीस वर्षं झाली. आमच्या घराला रस्त्याच्या बाजूने तीन गाळे आहेत. एकात औषधांचं दुकान, दुसऱ्यात मोबाईल दुरुस्ती, आणि तिसऱ्यात चौदा वर्षांपासून एक काश्मिरी गृहस्थ शाली, गालिचे, पेपर माशेच्या डब्या विकतात. आम्ही त्यांना भाईजान म्हणतो, ते मला वहिनी म्हणतात. भाडं कधी बुडवलं नाही. कोविडमध्ये थकलं होतं, तेही नंतर हप्त्याहप्त्याने फेडलं. चार वर्षांपूर्वी जुलैच्या पावसात मध्यरात्री मामंजींच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा त्यांच्याच गाडीतून आम्ही बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात पोचलो.

पहलगाम झालं आणि वाड्यावरच्या ग्रुपवर सुरू झालं. काश्मिरींना गाळे कोणी कोणी दिलेत त्यांची नावं टाका म्हणे. ग्रुप माझे दीरच चालवतात. नोव्हेंबरात दिल्लीत लाल किल्ल्याजवळ स्फोट झाला, त्यात डॉक्टरांची नावं आली, तेव्हा दीर घरी येऊन म्हणाले, “डॉक्टर असले निघतात, तर शालवाल्याची काय गॅरंटी? इतिहास बघा जरा.” करार जानेवारीअखेर संपतोय. आमचे हे म्हणतात, नको ती कटकट, गाळा दुसऱ्याला देऊ. मुलगा बारावीला आहे. लहानपणी संध्याकाळी त्या दुकानातच बसलेला असायचा. तो म्हणतो, “आई, तू घेतलेल्या शालीचे पैसे कुठे जातात माहीत आहे का?”

मी तिघांशीही वाद घालते. पण तुम्हाला खरं सांगते. दिल्लीच्या स्फोटानंतर आठवड्याभराने भाईजानकडे माल आला. टेम्पोतून खोकी उतरत होती. मी वरच्या खिडकीत पडद्याआड उभी राहिले आणि ती मोजली. सात होती. का मोजली ते सांगता येत नाही. त्यांनी वर बघून हात केला आणि मी पडदा सोडला. ह्या गणेशचवथीला मी त्यांना नेवऱ्या (करंज्या) सुद्धा पाठवल्या नव्हत्या. त्यांच्याकडून अक्रोड मात्र आले.

करार करावा का? घरच्यांना काय सांगू? आणि खोक्यांचं त्यांना सांगून माफी मागावी का?

एक वाचक, कळंगूट

नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. करार करा. औषधवाल्याचा आणि मोबाईलवाल्याचा ज्या अटींवर कराल, त्याच अटींवर करा.

आता खोकी. तुमच्या पत्रातलं तेच मला सगळ्यांत जास्त लागलं. चौदा वर्षांत त्या दारात टेम्पो किती वेळा लागला असेल? सीझनच्या आधी एकदा, नाताळच्या तोंडावर एकदा, मध्ये केव्हातरी. वर्षाला दोन-तीनदा धरलं तरी तीस-चाळीस वेळा झालं. तुम्ही एकदाही मोजली नव्हती. माणूस तोच, टेम्पो तसाच, खोक्यांवरची सुतळीसुद्धा तीच. त्या आठवड्यात औषधवाल्याकडेही माल आला असेल. त्याची किती होती?

हे मी टोचण्यासाठी विचारत नाही. २२ एप्रिल २०२५ ला बैसरनच्या कुरणात माणसांना धर्म विचारून मारलं. २६ जण गेले, त्यातले सहा महाराष्ट्रातले. ते बघून ज्याचं रक्त तापलं नाही त्याच्याशी मला बोलायचंही नाही. राग यायलाच हवा होता, भीती वाटणारच होती. पण भीतीला घर लागतं. श्रीनगरच्या पलीकडच्या जंगलात लपलेला माणूस तुम्हाला दिसत नाही, त्याच्यापर्यंत तुमचा राग पोचत नाही. खालच्या गाळ्यातला दिसतो, रोज दिसतो, वर बघून हात करतो. म्हणून भीती येऊन त्याच्या दारात बसते.

तुमच्या दिरांचा प्रश्न मी टाळणार नाही. तो धारदार आहे आणि आज घराघरांत विचारला जातोय. डॉक्टर निघतात, तर ह्याची काय गॅरंटी?

गॅरंटी कशाने मिळेल, ते दिरांनाच विचारून बघा. भाईजान गप्प राहिले तर ‘गप्प का?’ बोलले तर ‘दाखवायला बोलतो’. दुकानावर तिरंगा लावला तर ‘नाटक’, नाही लावला तर ‘बघा’. दाढी असली तर ती दाढी, नसली तर लपवतोय. चौदा वर्षं वावगं काही केलं नाही, तर त्यालाही आता शब्द मिळालाय, स्लीपर सेल. म्हणजे सरळ वागणं हाच पुरावा झाला. ह्या माणसाने काय केलं म्हणजे दिरांचा संशय फिटेल, असं एक तरी कृत्य त्यांना सांगता येतं का ते बघा. नाही सांगता आलं, तर तो संशय भाईजानबद्दलचा नाहीच. तो आधीच शिवून तयार होता, भाईजानच्या अंगावर चढवला इतकंच.

आणि डॉक्टरांचं म्हणाल, तर दिरांनी बातमीचा अर्धाच भाग वाचलाय. ते सगळं जाळं बाहेर काढलं कोणी? श्रीनगरच्या नौगाम भागात भिंतींवर धमकीची पोस्टरं लागली होती. त्यांच्यावरून माग काढत फरीदाबादपर्यंत पोचले ते जम्मू-काश्मीरचे पोलीस. जप्त केलेली स्फोटकं नौगामच्या पोलीस ठाण्यात आणली होती. १४ नोव्हेंबरच्या रात्री त्यांचे नमुने घेताना अपघाताने स्फोट झाला आणि नऊ जण गेले. पोलीस होते, फॉरेन्सिकची माणसं होती, महसूल खात्यातली होती, फोटो काढणारे होते, आणि एक शिंपी होता. नमुन्यांच्या पिशव्या शिवायला त्याला बोलावलं होतं.

मी ही बातमी वाचली तेव्हा त्या शिंप्यापाशी अडकले. शिवणकामासाठी पोलीस ठाण्यात गेलेला एक साधा माणूस. त्या जाळ्याचा तपास नीट व्हावा म्हणून तो रात्री कापडाच्या पिशव्यांना शिवण घालत होता. तोही काश्मिरी मुसलमानच. तुमच्या दिरांच्या यादीत डॉक्टर आहेत. शिंपी का नाही?

ह्याच्यापुढे मी आदिलचं लिहिणार होते. सय्यद आदिल हुसेन शाह, पहलगामचा घोडेवाला, पर्यटकांना वाचवायला गेला आणि त्याच गोळ्यांनी मेला. लिहायला घेतलं आणि हात थांबला. कारण तुमच्या पत्रात मामंजींची ती रात्र आहे, वेळेवर दिलेलं भाडं आहे, अक्रोड आहेत. तुम्ही भाईजानची वकिली करताय आणि पुरावे गोळा करताय. मीही तेच करायला निघाले होते. पण हे किती वाईट आहे बघा! मोबाईलवाल्याने तुमच्या मामंजींना गोमेकॉत नेलं होतं का? नसेल नेलं. तरी त्याचा करार होणार, आणि त्याबद्दल कोणी चर्चासुद्धा करणार नाही. त्याने नुसतं साधं, बरं, कधीकधी खडूस असलेलं चालतं. भाईजानने मात्र देवमाणूस असायला हवं. घोडेवाल्याने गोळी खायला हवी, तेव्हा आपण म्हणणार, सगळेच तसे नसतात.

समजा, उद्या तुमच्या गाळ्यात दुसरा एखादा काश्मिरी आला. तो कोणाशी फारसा बोलत नाही, भाडं पाच तारखेऐवजी दहाला देतो, अक्रोड पाठवत नाही. त्यालाही धंदा करायचा तितकाच हक्क आहे. म्हणून घरात वाद घालताना मामंजींची रात्र पुढे करू नका. त्या रात्रीबद्दल त्यांचे उपकार माना, पण ती त्यांच्या निरपराधीपणाची पावती म्हणून फाडू नका. निरपराध माणसाला पावती लागत नाही.

आता माझ्या घरातली एक गोष्ट सांगते. सदरात मी घरचं फारसं आणत नाही, पण इथे आणल्याशिवाय माझं म्हणणं पुरं होणार नाही.

माझं आजोळ सातारा जिल्ह्यातलं. माझ्याकडे फोंड्याच्या स्वयंपाकघरात आजीचा एक पितळी डबा आहे, पोह्यांचा. त्याचं तोंड एका बाजूने वाकलंय, झाकण बसत नाही. वर ताटली ठेवून त्याच्यावर वाटी उपडी घालते मी. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधीजींना गोळ्या घातल्या. मारणारा मराठी ब्राह्मण होता. माझ्या आजोबांना त्याचं नाव दुसऱ्या दिवशी कळलं आणि जमाव त्याच्या दुसऱ्या दिवशी दारात आला. आजोबा रोज सकाळी टकळीवर सूत कातायचे. गांधी गेले म्हणून त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नव्हती. जमावाने एवढी माणुसकी दाखवली की गाय सोडून न्यायला वेळ दिला. मग घर पेटवलं. आजी सांगायची, जाळणारे परके नव्हते. पण ज्याने माजघराच्या मागच्या दाराने पोरांना काढून आपल्या गिरणीत पिठाच्या पोत्यांमागे लपवलं, तोही परका नव्हता.

हे एकाच घरापुरतं नव्हतं. सातारा, सांगली, कोल्हापूर, त्या सगळ्या पट्ट्यात वाडे जळले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळला. किती कुटुंबांनी गावं कायमची सोडली! ‘सुक्याबरोबर ओलंही जळतं’ हे आजी नेहमी म्हणायची, आणि तिच्या तोंडी ती म्हण नसायची. ती आठवण असायची.

आजीला आयुष्यभर एकच गोष्ट कळली नाही. जमावातल्या एकाला तिने विचारलं होतं, “आम्ही काय केलं रे?” तो म्हणाला होता, “तुम्ही नाही केलंत, पण तुमच्यातल्याने केलं.” ‘तुमच्यातला’ ह्या एका शब्दात तिचं घर गेलं. तुमच्या वाड्यावरच्या ग्रुपवर गाळे देणाऱ्यांची नावं मागतात असं तुम्ही लिहिलंत, तेव्हा मला पहिल्यांदा तो डबा आठवला.

काश्मिरी पंडितांचं काय, असं कोणी म्हणेल. म्हणायलाच हवं. १९९० च्या हिवाळ्यात ज्यांना रातोरात घरं सोडावी लागली त्यांचं दुःख मोठं आहे आणि त्याला अजून न्याय मिळालेला नाही. पण त्यांच्या बाबतीत दहशतवाद्यांनी नेमकं हेच केलं ना? हा पंडित, म्हणजे हा सरकारचा खबऱ्या. माणूस बघितला नाही, जात बघितली. त्यांच्या दुःखाचं नाव घेऊन कळंगुटच्या शालवाल्याला बाहेर काढणं, ह्याने त्या दुःखाचा कसला मान राहतो ते मला समजत नाही.

तुमच्याही कानावर एक शब्द पडला असणार, तुम्ही पत्रात लिहिला नाहीत तरी. गडहिंग्लजची सून, म्हणजे ‘घाटी’. गावात कुणाचा सिलिंडर चोरीला गेला, नळाची तोटी गेली, की ‘घाट्यांचंच काम’. तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात उभ्या असाल, आणि बोलणारा ‘वयनी, तुका न्हय गो’ असं म्हणाला असेल. ते ‘तुला नाही गं’ किती झोंबतं ते तुम्हाला माहीत आहे. भाईजानला चौदा वर्षं हेच ऐकायला मिळालंय, असं समजा.

दीर म्हणतात, इतिहास बघा. बघू या. मी फोंड्यात राहते, इतिहास माझ्या रोजच्या वाटेवर आहे. साफा मशिदीच्या तळ्यावरून मी आठवड्यातून दोनदा जाते. ती मशीद १५६० ची, आदिलशाहीतली. त्याच साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांच्या चर्चचं धर्मन्यायालय आलं, आणि त्याच सुमाराला कुठ्ठाळीचा मंगेश रात्री जुवारी ओलांडून प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. का आले हे देव अंत्रुज महालात, म्हणजे ह्या फोंड्याच्या मुलखात? कारण तिथे पोर्तुगीजांचं राज्य नव्हतं. तिथे आदिलशहाचं होतं. आपल्या घरोघरच्या कुलदैवतांना आसरा मिळाला तो विजापूरच्या मुसलमान राजाच्या मुलखात.

आणि सप्तकोटेश्वर? दिवाडीचं ते देऊळ आधी बहामनींच्या काळात पडलं, मग पुन्हा उभं राहिलेलं पोर्तुगीजांनी पाडलं. शेवटी १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याला त्याचा जीर्णोद्धार केला. हेही इतिहासातच आहे, मी झाकून ठेवत नाही. दिरांना सप्तकोटेश्वर आठवेल, मला मंगेशी आठवेल. दोन्ही खरं आहे. आणि दोन्हींतून एकही गोष्ट अशी निघत नाही की कळंगुटला शाली विकणाऱ्या माणसाच्या खोक्यात काय असेल. इन्क्विझिशनचा जाब आपण शेजारच्या कॅथलिक घरी चहा पिताना विचारत नाही. तो विचारण्याचा मूर्खपणा हल्ली काहींना सुचायला लागलाय, पण अजून तरी गावात कोणी विचारत नाही.

‘हे लोक निषेध का करत नाहीत?’ हे तुमच्या पत्रात नाही, पण तुमच्या घरात येणार. निषेध झाला होता. पहलगामच्या दुसऱ्या दिवशी काश्मीर खोऱ्यात कडकडीत बंद होता, आणि श्रीनगरच्या वर्तमानपत्रांनी पहिलं पान काळं छापलं होतं. पण मला त्या प्रश्नाबद्दलच बोलायचंय.

१६ ऑक्टोबर २००९. नरकचतुर्दशीची आदली रात्र, मडगावात नरकासुराचे पुतळे बघायला लोक लोटले होते. स्कूटरवरून नेलेलं स्फोटक तिथेच फुटलं आणि ते नेणारे दोघे मेले. तपास यंत्रणांनी बोट दाखवलं ते एका हिंदू संस्थेच्या साधकांकडे. पुढे २०१३ च्या अखेरीला न्यायालयाने सहा आरोपींना निर्दोष सोडलं, म्हणून त्याबद्दल मी अधिक काही म्हणणार नाही. पण त्या सकाळी तर कोणालाच काही ठाऊक नव्हतं, फक्त नावं कानावर आली होती. आमच्या शेजारची कॅथलिक बाई दर दिवाळीला फोव, म्हणजे पोहे खायला येते, तशी त्या सकाळीही आली. गुळाचे फोव, ताकातले फोव, सगळे थोडे थोडे वाढून घेतले, मडगावचं ऐकून ‘किती वायट जालें’ म्हणाली, आणि ताकातल्या फोवांत मीठ कमी आहे म्हणून सांगितलं. ‘तुम्ही लोक ह्याचा निषेध कधी करणार?’ असं तिने विचारलं नाही. मला तर हेही सुचलं नाही की ती असं विचारू शकली असती. इतकी मी सुरक्षित होते. भाईजानला ही निर्धास्ती कोणी दिलीय का कधी?

आता घरच्यांकडे वळते.

तुमच्या यजमानांना द्वेष नाही, त्यांना कटकट नकोय. त्यांच्याशी तत्त्वाचं बोलू नका, कागदाचं बोला. गोव्यात भाडेकरूची पोलीस पडताळणी आता कायद्याने बंधनकारक आहे. तिन्ही गाळ्यांची एकाच दिवशी करून घ्या. तिघांचे आधार, फोटो, मूळ पत्ते, कामाला ठेवलेल्या पोरांची नावं, सगळं. लीव्ह अँड लायसन्सचा मसुदा तिघांना एकच. ह्यात भाईजानचा अपमान नाही, कारण औषधवालाही त्याच रांगेत उभा आहे. सावधगिरी आणि पूर्वग्रह ह्यांच्यातला फरक ओळखायला मला हीच एक खूण सापडलीय. जी काळजी तिघांच्या बाबतीत घेता ती सावधगिरी, आणि जी एकाच्याच बाबतीत घ्यावीशी वाटते तिच्यापाशी थांबून स्वतःला विचारायचं. एखाद्याबद्दल खरोखर काही दिसलं, ऐकलं, तर पोलिसांना कळवा, मग तो कोणीही असो. पण दिसलं पाहिजे. ‘वाटलं’ चालणार नाही.

दिरांशी ग्रुपवर वाद घालू नका. तिथे दहाजण बघत असतात आणि बघणाऱ्यांसमोर कोणी माघार घेत नाही. एकदा घरी जेवायला बोलवा आणि एवढंच सांगा, की गाळा आमचा आहे, करार आम्ही ठरवू, आणि गाळे देणाऱ्यांच्या नावांची ती यादी तुम्ही काढून टाका. शांतपणे, एकदाच सांगा. यादी नुसती गप्पांची नसते हो. आज नावं, उद्या पत्ते, परवा कोणीतरी दगड उचलतो, आणि तुमचे दीर तेव्हा म्हणतील, मी तर फक्त ग्रुप चालवत होतो. ते ऐकले नाहीत आणि तिथे दुकान बंद पाडायची किंवा मारहाणीची भाषा आली, तर स्क्रीनशॉट ठेवा. समाजासमाजांत वैर पेटवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे. घरातल्या माणसाविरुद्ध पोलिसात जावं लागणं सोपं नाही, हे मला कळतं. म्हणूनच जेवणाच्या ताटावर आधी सांगा.

मुलाचं मला जास्त लागतं. त्याने विचारलेला प्रश्न, ‘पैसे कुठे जातात’, त्याचा स्वतःचा नाही. कुठल्यातरी रीलमधला आहे. त्याला रागावू नका, प्रश्न परतही करू नका. खरंच शोधायला सांगा. भाड्याच्या नोंदवहीत दरमहा किती येतात ते त्याने बघावं. सीझन चार-पाच महिन्यांचा, पावसात दुकानात माशी येत नाही, दोन पोरांचे पगार, गाळ्याचं भाडं, विजेचं बिल, मालाचे पैसे. उरतं किती, हे बारावीच्या मुलाला मांडता येईल. आणि तो लहानपणी त्या दुकानात बसायचा ना? मग शालीची उलटी बाजू बघायला त्याला भाईजाननेच शिकवलं असणार. हाताचं भरतकाम आणि मशीनचं, वरून सारखंच दिसतं. उलटी केली की टाके सांगतात. त्याला म्हणावं, त्या रीलचीही उलटी बाजू बघ. कोणी बनवली, व्हिडिओ कुठला, केव्हाचा, त्याच माणसाने आधी काय काय टाकलंय. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला आईचं ऐकायला कमीपणा वाटतो, पण फसवलो गेलो हे स्वतः शोधून काढलं तर त्याचा राग बरोबर जागी जातो.

आणि एखाद्या संध्याकाळी भाड्याची पावती द्यायला त्यालाच खाली पाठवा. बोलायला सांगू नका. पावती देऊन ये, एवढंच.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. माफी मागावी का?

नको.

तुम्ही सांगितलंत तर तुमच्या मनावरचं ओझं उतरेल आणि त्यांच्यावर चढेल. चौदा वर्षांच्या वहिनीने पडद्याआडून आपली खोकी मोजली, हे त्यांना ठाऊक नाही असं समजू नका. वर बघून हात केला, पडदा हलताना दिसला असणार. पण ते न बोललेलं आहे तोवर ते त्यावर पाणी सोडू शकतात. बोललं गेलं की त्यांना हसून म्हणावं लागेल, “कोई बात नहीं, भाभी,” आणि वर तुमचीच समजूत घालावी लागेल. एवढं काम त्यांच्या गळ्यात घालू नका. तुमची लाज तुमच्याजवळच असू द्या, ती तिथे असलेली बरी.

नाताळाच्या आधी माल पुन्हा येईल. टेम्पो लागला की ह्या वेळी खाली जा. गाळ्याचं ते शटर अर्ध्यावर अडकतं का? बहुतेक जुन्या गाळ्यांची अडकतात. ते वर धरून उभ्या राहा. गालिच्यांची खोकी जड असतात, आत नेताना दोन्ही हात गुंतलेले असतात. नेवऱ्या चवथीलाच करायच्या असा काही नियम नाही. आदल्या दिवशी पुरण करून ठेवा.